पोटगीचा हिशेब

श्रोतेहो, 'पोटगी' हा शब्द आपल्या कानांना गोड लागत नाहीं. तो उच्चारला कीं कोर्टाची पायरी, वकिलाची फी आणि शेजाऱ्यांचे टवकारलेले कान डोळ्यांपुढें येतात. भल्या घरांत तो दबक्या आवाजांतच बोलला जातो. मीं जन्मभर शाळेंत मुलांना व्याकरण आणि अंकगणित शिकविलें. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि कायद्याच्या परीक्षेशीं माझा कधीं संबंध आला नाहीं. तरीहि आज या शब्दावर बोलावयाचें ठरविलें, याला कारण माझी एक जुनी विद्यार्थिनी आणि माझ्या हातून घडलेली एक चूक.

सहा वर्षांपूर्वीं या मुलीचा घटस्फोट झाला. संसार अकरा वर्षांचा, पदरीं नऊ वर्षांची मुलगी. दोन्ही घरच्या मंडळींची बैठक भरली. तिचे वडील हयात नव्हते, म्हणून वडीलधारा या नात्यानें मला बोलावणें आलें. पलीकडून एकच निरोप होता : "कांहीं मागूं नका, म्हणजे उद्यां सही देतों." मुलीनें माझ्याकडे पाहिलें. मीं मोठ्या शहाणपणानें म्हटलें, "पोरी, सोड तो पैसा. मोकळी हो. मान तरी राहील." तिनें कागदावर सही केली.

गेल्या पावसाळ्यांत ती पुन्हां माझ्याकडे आली. मुलगी आतां दहावींत. आई एका खासगी कचेरींत काम करते आणि संध्याकाळीं शिकवण्या घेते. पण घरभाडें, शाळेची फी आणि औषधपाणी यांची तोंडमिळवणी होत नाहीं. पेला खालीं ठेवीत ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्या शब्दाला मान देऊन मी तेव्हां गप्प बसले. आतां मागितलें तर ती भीक होईल का हो?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. ज्या विषयाचें आपल्याला कांहींच ज्ञान नव्हतें, त्यांत आपण निकाल देऊन बसलों होतों, हें त्या क्षणीं ध्यानांत आलें. मग पुस्तकें चाळलीं, एका वकील स्नेह्याच्या घरीं पांचसात संध्याकाळ बसलों, शिवाजीनगरच्या कोर्टाच्या आवारांतहि हेलपाटे घातले. त्यांतून जें समजलें, तें आज आपणांपुढें ठेवतों.

आधीं थोडा इतिहास पाहूं. पत्नीचें पोषण हें पतीचें कर्तव्य, असें आपल्या धर्मशास्त्रानें पूर्वींपासून मानलें आहे. परंतु पांढरपेशा वर्गांत विवाह अविच्छेद्य समजत. त्यामुळें घटस्फोटानंतरच्या पोटगीचा प्रश्नच उद्भवत नसे. नवऱ्यानें टाकलेली बायको माहेरच्या माजघरांत आयुष्य काढी. इतर अनेक जातींत काडीमोड होई, पाटहि लागे. पण काडी मोडल्यावरचें देणेंघेणें पंचांच्या मर्जीवर राही. काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी असे संबंध तोडण्याला आपल्या भाषेंत शब्द पुष्कळ. तुटल्यानंतर काय, याला शब्द एकच, आणि तोहि पोटावरून आलेला. जणूं दोन वेळचें अन्न मिळालें कीं माणसाची गरज भागली!

पुण्यांतल्या सुधारकांनीं कायद्याची वाट न पाहतां दुसरा मार्ग धरला. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन सुरू झालें. निराधार स्त्रीला शिकवून स्वतःच्या पायांवर उभें करावें, हा त्यांचा बाणा होता, आणि त्याचे उपकार हें शहर विसरूं शकत नाहीं. पण जिनें संसारांत दहावीस वर्षें वेंचलीं, तिच्या त्या वर्षांचा हिशेब कोणी मांडावा, हा प्रश्न तसाच राहिला.

इंग्रजी अमदानींत १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत ४८८ वें कलम होतें. बायकोमुलांना वाऱ्यावर सोडणाऱ्या माणसाला मॅजिस्ट्रेट दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करूं शके; मात्र ती सर्वांना मिळून ५० रुपयांच्या वर जाऊं शकत नसे. निराधार माणसें उपाशी पडून वाईट मार्गाला लागूं नयेत, एवढाच त्या कलमाचा हेतु. शिवाय तें 'पत्नी'साठीं होतें. घटस्फोट झाला कीं ती पत्नी राहत नसे आणि कलमाचा आधारहि सुटे.

पुढें पावलें पडत गेलीं. बडोदें संस्थानांत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दींत १९३१ सालीं हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतानें १९४७ सालीं तसा कायदा केला. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तो हक्क देशभर नेला आणि त्याच कायद्यानें घटस्फोटानंतरच्या पोटगीची स्पष्ट तरतूद केली. १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेंत, १२५ व्या कलमाखालीं, घटस्फोटित पण पुनर्विवाह न केलेली स्त्रीहि 'पत्नी' या शब्दांत आली. तेथें ५०० रुपयांची मर्यादा मात्र राहिली. कांहीं राज्यांनीं ती आपापल्या परीनें वाढविली, आणि अखेर २००१ सालीं मध्यवर्ती कायद्यानेंच ती काढून टाकली. ज्या कलमाचा उगम उपासमार टाळण्यासाठीं झाला, तें हळूहळू सन्मानानें जगण्याच्या हक्काचें कलम बनलें. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर या इतिहासांतच आहे.

आतां आजचा कायदा पाहूं. पोटगी मागण्याचे मुख्य दरवाजे तीन.

पहिला दरवाजा सर्व धर्मांच्या लोकांना उघडा आहे. जुन्या १२५ व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमानें घेतली आहे. स्वतःचा चरितार्थ चालवूं न शकणारी पत्नी, घटस्फोटित पत्नी, अज्ञान मुलें आणि वृद्ध आईबाप या साऱ्यांना त्याखालीं अर्ज करतां येतो. जेथें कुटुंब न्यायालय आहे, तेथें हा अर्ज त्याच न्यायालयांत जातो. पुण्याचें कुटुंब न्यायालय शिवाजीनगरास आहे. पत्नीला आपण राहतों त्या गांवीं अर्ज करतां येतो. नवऱ्याच्या गांवीं धांव घेण्याचें कारण नाहीं. नोटीस बजावल्यापासून शक्यतों ६० दिवसांत अंतरिम पोटगीचा निर्णय व्हावा, असेंहि कायदा सांगतो.

दुसरा दरवाजा विवाहाच्या कायद्यांतला. हिंदु विवाह कायद्याचें २४ वें कलम दावा चालूं असतांनाच्या पोटगीचें व खर्चाचें आहे. २५ वें कलम कायमच्या पोटगीचें. या २५ व्या कलमांतील दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. एक, अर्ज पत्नीप्रमाणें पतीलाहि करतां येतो. दुसरी, न्यायालय हा हुकूम घटस्फोट देतांना किंवा त्यानंतर कधींहि करूं शकतें. घटस्फोट झाला म्हणजे दार कायमचें बंद झालें, ही समजूत चुकीची आहे. नोंदणी पद्धतीनें लग्न केलेल्यांसाठीं १९५४ च्या विशेष विवाह कायद्यांत, पारशी समाजासाठीं १९३६ च्या आणि ख्रिस्ती समाजासाठीं १८६९ च्या कायद्यांत अशाच तरतुदी आहेत.

तिसरा दरवाजा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा. जेथें छळ झाला आहे, तेथें पैशाबरोबर राहण्याच्या जागेचा आणि स्त्रीधनाचाहि प्रश्न त्यांत सुटूं शकतो. या तीन दारांपैकीं एकाहून अधिक दारें ठोठावतां येतात. पण एकाच भुकेसाठीं तीनदां जेवण मिळत नाहीं. एका ठिकाणीं मिळालेली रक्कम दुसऱ्या ठिकाणीं सांगावी लागते आणि ती हिशेबांत धरली जाते.

मुसलमान भगिनींच्या हक्काची वाट अधिक वळणांची होती. इंदूरच्या शाहबानो या वृद्धेला मॅजिस्ट्रेटनें १९७९ सालीं दरमहा २५ रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयानें ते १७९ रुपये २० पैसे केले. तिचा नवरा वकील होता, तरीहि एवढ्या रकमेसाठीं तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २३ एप्रिल १९८५ रोजीं तिच्या बाजूनें निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड हे पुण्यांत जन्मलेले, येथल्या नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी. पुढच्याच वर्षीं, १९८६ सालीं, संसदेनें वेगळा कायदा केला आणि तो हक्क आटल्यासारखा झाला. परंतु २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कायद्याचा असा अर्थ लावला कीं, इद्दतीच्या मुदतींत द्यावयाची तरतूद स्त्रीच्या पुढील आयुष्याला पुरेल अशी असली पाहिजे. आणि १० जुलै २०२४ च्या निकालानें १२५ व्या कलमाचा मार्गहि मुसलमान घटस्फोटित स्त्रीला मोकळा आहे, हें निःसंदिग्ध झालें.

आतां सर्वांच्या मनांतला प्रश्न : रक्कम किती? याला पाढ्यासारखें ठराविक उत्तर नाहीं. पण न्यायालय कोणत्या गोष्टी पाहतें, हें आतां पुष्कळ स्पष्ट झालें आहे. आणि तें स्पष्ट करणारा निकाल आपल्याच महाराष्ट्रांतल्या एका प्रकरणांतून निघाला. नागपूरच्या एका आईनें २०१३ सालीं आपल्यासाठीं व तान्ह्या मुलासाठीं अंतरिम पोटगीचा अर्ज केला. कुटुंब न्यायालयानें तिला दरमहा १५,००० रुपये, आणि मुलाला प्रथम ५,००० व १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये मंजूर केले. नवरा उच्च न्यायालयांत हरला, तो सर्वोच्च न्यायालयांत गेला. तेथला निकाल ४ नोव्हेंबर २०२० चा. तोंवर मूल शाळेंत जाण्याच्या वयाचें झालें होतें, आणि वाद अजून अंतरिम पोटगीचाच चालला होता! हा विलंब पाहूनच न्यायालयानें साऱ्या देशासाठीं नियम घालून दिले.

त्यांतला पहिला नियम मला फार मोलाचा वाटतो. दोन्ही पक्षांनीं आपलें उत्पन्न, मालमत्ता, कर्ज आणि खर्च यांचें प्रतिज्ञापत्र द्यावयाचें. पूर्वीं नवरा उत्पन्न अर्धें सांगे, बायको गरज दुप्पट सांगे, आणि न्यायाधीशांनीं मधला आंकडा अंदाजानें धरावा, असा प्रकार चाले. आतां दोघांनाहि शपथेवर पाटी मांडावी लागते. जो खोटें मांडील, त्याच्यावर कारवाई होऊं शकते. दुसरा नियम असा कीं, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावयाची. निकाल लांबला म्हणून मधली वर्षें बुडत नाहींत. तिसरा, अंतरिम अर्जाचा निकाल चार ते सहा महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा.

रक्कम ठरवितांना दोघांची राहणी, शिक्षण व वय, संसार किती वर्षें चालला, मुलें कोणाकडे आहेत, घर कोणाचें, आजारपण आहे काय, या साऱ्यांचा विचार होतो. त्यांत एक मुद्दा असा आहे कीं, जो आमच्या पिढीला कधीं सुचलाच नसता : मुलांसाठीं, घरासाठीं बाईनें नोकरी सोडली काय? ज्या वर्षांत नवऱ्याच्या हुद्द्याच्या पायऱ्या चढत गेल्या, त्याच वर्षांत तिची नोकरीची पाटी कोरी राहिली. ती कोरी पाटी हासुद्धां संसाराला दिलेला हप्ताच आहे.

साधें उदाहरण घेऊं. एका गृहस्थाचा पगार दरमहा एक लाख. त्यांतून प्राप्तीकर आणि भविष्य निर्वाह निधीची सक्तीची वर्गणी मिळून २०,००० गेले. हातीं राहिले ८०,०००. सर्वोच्च न्यायालयानें १९७० सालीं आणि पुन्हां २०१७ सालीं, निव्वळ उत्पन्नाचा चौथा हिस्सा ही रक्कम सामान्यतः न्याय्य ठरेल, असें म्हटलें आहे. त्या मानानें येथें २०,००० होतात. पण हा केवळ अंदाज आहे. बाईचें स्वतःचें उत्पन्न असेल तर आंकडा खालीं येईल. मुलें तिच्याजवळ असतील तर वर जाईल. गृहस्थ म्हणेल, "मोटारीचा हप्ता २५,००० चा आहे, तो आधीं वजा करा." न्यायालयें सामान्यतः तें मान्य करीत नाहींत, कारण स्वतःच्या हौसेनें काढलेलें कर्ज हें बायकोमुलांच्या हक्काच्या आधीं येत नाहीं.

दरमहा घ्यावी कीं एकरकमी, हाहि विचार करण्यासारखा विषय आहे. एकरकमी रकमेंत वारंवार कोर्टाचें तोंड पाहावें लागत नाहीं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या एका जुन्या निर्णयाप्रमाणें तिला भांडवली स्वरूपाची मानतात, त्यामुळें तिच्यावर प्राप्तीकर लागत नाहीं. मासिक पोटगी मात्र उत्पन्न धरली जाते. उलट, एकरकमी रक्कम भावाच्या धंद्यांत किंवा नातेवाइकांच्या अडचणींत विरून गेली कीं हातीं कांहीं उरत नाहीं. मासिक रकमेला महागाईची कीड लागते, हेंहि खरें. म्हणूनच २९ मे २०२५ च्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें दरमहा ५०,००० रुपये देववितांना दर दोन वर्षांनीं त्यांत शेंकडा ५ वाढ लावून दिली. परिस्थिति पालटली तर रक्कम वाढविण्याचा किंवा कमी करण्याचा अर्जहि करतां येतो. घेणाऱ्यानें पुन्हां लग्न केलें, तर ती बंद होऊं शकते.

हुकूम झाला, पण पैसेच दिले नाहींत तर? १४४ व्या कलमाखालीं प्रत्येक महिन्याच्या थकबाकीबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊं शकते. आणि कैद भोगली म्हणून देणें फिटत नाहीं. मात्र थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आंत करावा लागतो. "आज देईल, उद्यां देईल" म्हणून स्वस्थ बसणाऱ्या भगिनींनीं हें एक वर्ष ध्यानांत ठेवावें.

आतां लोकांच्या मनांतल्या कांहीं गैरसमजुतींकडे वळूं.

पहिली गैरसमजूत : बाई कमावती असेल तर पोटगी नाहीं. खरें पाहतां, थोडेंफार उत्पन्न आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळला जात नाहीं. त्या उत्पन्नांत तिला पूर्वींच्या राहणीशीं मिळतें असें जगतां येतें काय, हें पाहतात. परंतु शिकलेल्या, धडधाकट बाईनें केवळ पोटगीसाठीं हातावर हात ठेवून बसावें, हेंहि न्यायालयांना रुचत नाहीं.

दुसरी गैरसमजूत : पोटगी ही पुरुषानेंच द्यावयाची. नांदेडचें एक प्रकरण ऐका. १९९२ चें लग्न, बायको शिक्षिका, तिच्या अर्जावरून २०१५ सालीं घटस्फोट झाला. पुढें नवऱ्यानेंच, आपल्याला उत्पन्नाचें साधन नाहीं म्हणून, पोटगीचा अर्ज केला. नांदेडच्या न्यायालयानें त्याला दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली, आणि २०२२ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तो हुकूम कायम ठेवला. बातमी वाचून पुष्कळ जण हंसले. मला त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसलें नाहीं. तराजू तोच आहे. या वेळीं पारडें दुसऱ्या बाजूला झुकलें, इतकेंच.

तिसरी गैरसमजूत : पोटगी म्हणजे दोषी नवऱ्याला केलेला दंड. व्यभिचारांत राहणाऱ्या पत्नीला १४४ व्या कलमाचा लाभ मिळत नाहीं, आणि २५ व्या कलमाखालीं पक्षकारांचें वर्तन न्यायालय पाहतें, हें खरें. पण रकमेचा पाया गुन्हा हा नाहीं. गरज आणि ऐपत हा आहे. म्हणूनच जेथें मुळांत लग्नच कायद्यानें रद्दबातल होतें, तेथेंहि न्यायालय पोटगी देऊं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें १२ फेब्रुवारी २०२५ रोजीं सांगितलें. नवऱ्यानें पहिलें लग्न लपवून दुसरें केलें, तर त्या दुसऱ्या बाईचें काय चुकलें? अशा स्त्रीला २००४ च्या आपल्या उच्च न्यायालयाच्या एका निकालांत जें हिणकस विशेषण लावलें गेलें होतें, त्याबद्दलहि सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट नापसंती दर्शविली. शब्दांनींहि माणसाची अब्रू जाते, हें व्याकरणाच्या मास्तराला वेगळें सांगावयास नको.

चौथी गैरसमजूत माझीच होती : सही केली कीं सारें संपलें. संमतीच्या घटस्फोटांत "पुढें कांहीं मागणार नाहीं" असें सर्रास लिहून घेतात. परंतु पोटगीचा कायदेशीर हक्क सोडून देण्याचा करार सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे व तो पोटगीच्या अर्जाला आड येत नाहीं, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं एका प्रकरणांत सांगितलें आहे. ज्यांनीं भरपूर रक्कम घेऊन तडजोड केली, त्यांची गोष्ट वेगळी. तेथें ती रक्कम विचारांत घेतली जाईल. मुलाचा हक्क मात्र आईनें सोडला तरी सुटत नाहीं, कारण तो तिचा नव्हेच. तो मुलाचा आहे.

येथें एक गोष्ट शेजारच्या गोमंतकाची सांगतों. तेथें पोर्तुगीज अमदानींतील १८६७ च्या नागरी संहितेचा वारसा अजून चालतो. लग्नाच्या वेळीं वेगळा करार केला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक होते आणि दोघांचाहि त्यांत निम्मा वाटा असतो. संसार मोडला तर वांटणी होते. बाईला हात पसरावा लागत नाहीं; ती आपला वाटा उचलते. इंग्लंडांतहि २००० सालीं तेथल्या वरिष्ठ न्यायपीठानें, घर सांभाळणारा आणि पैसा मिळविणारा यांत भेद करूं नये, असें तत्त्व सांगितलें. आपल्या महाराष्ट्रांत अशी सामायिक मालमत्तेची व्यवस्था नाहीं. फ्लॅट ज्याच्या नांवावर, त्याचा. बाईनें वीस वर्षें तो झाडला, पुसला, पाहुण्यांनीं भरला, तरी खरेदीखतावर त्याची नोंद होत नाहीं. म्हणूनच आपल्याकडे पोटगीला इतकें महत्त्व. वांटणीच्या जागीं आपल्याजवळ हें एकच साधन आहे.

तें साधनहि पुष्कळ स्त्रियांपर्यंत पोंचत नाहीं. ज्यांचा घटस्फोटहि झालेला नाहीं, नुसतें घराबाहेर काढलें आहे, अशांना आपल्या गांवांतून 'टाकलेली' म्हणतात, जणूं ती एखादी जुनी वस्तु. संगमनेरच्या निशा शिवूरकर यांनीं अशा स्त्रियांसाठीं दीर्घ काळ काम केलें आणि 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' हें पुस्तक लिहिलें. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांत हा शब्द आपण वापरत नाहीं. पण "सोड तो पैसा, मान राहील" हा उपदेश मात्र आपण साखरेंत घोळून देतों. दोहोंचा परिणाम एकच.

ज्यांना प्रत्यक्ष अर्ज करावयाचा आहे, त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. कायदेशीर सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रीला तिचें उत्पन्न कितीहि असलें तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पुणें जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठीं अर्ज करतां येतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनहि माहिती मिळते. पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना महाराष्ट्रांत १९९४ पासून कोर्ट फीचीहि माफी आहे. आणि कागद जपावेत : लग्नाचा दाखला, बँकेचीं पासबुकें, मुलांच्या फीच्या पावत्या, भाड्याचा करार, औषधांचीं बिलें. अंकगणितांत ज्याची कच्ची मांडणी नीट, त्याचेंच उत्तर बरोबर येतें. येथेंहि तेंच आहे.

आतां माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतों. पोटगी मागणें ही भीक होय काय? भीक ही परक्याच्या दयेवर मागतात. तिला हिशेब नसतो. येथें दोघांनीं मिळून एक व्यवहार केला. एकानें पैसा आणला, दुसऱ्यानें वेळ, कष्ट आणि उमेदीचीं वर्षें आणलीं. व्यवहार मोडला, तेव्हां एक जण आपली पुंजी घेऊन बाहेर पडला. दुसऱ्याची पुंजी परत मिळण्यासारखी नव्हती, कारण ती खर्चून गेली होती. त्या खर्चाची नोंद मागणें यांत मानहानी कसली? ती नोंद नाकारणारा सल्ला ज्यानें दिला, मान खालीं घालावयाची ती त्यानें.

हें सारें मीं तिला सांगितलें, आणि चूक माझी होती हेंहि सांगितलें. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गुरुजी, तुम्ही एकटे कुठें होता? त्या बैठकींत बाराजण होते." तिच्या मनाचा मोठेपणा तो, माझा भार त्यानें हलका झाला नाहीं. तिनें प्रथम मुलीच्या पोटगीचा अर्ज केला आहे. कागद लावण्याचें काम आम्ही दोघांनीं माझ्या जुन्या मेजावर बसून केलें. निकाल अजून लागावयाचा आहे.

श्रोतेहो, आपणांपैकीं अनेकांना केव्हां ना केव्हां वडीलधारा म्हणून अशा बैठकीला जावें लागेल. तेथें "मोकळी हो" म्हणण्याआधीं एक कोरा कागद मागून घ्या. त्यावर वर्षें मांडा, मुलांचीं वयें मांडा, दोघांचें उत्पन्न मांडा, आणि मग बोला. ज्याला तो हिशेब येत नसेल, त्यानें तेथें मुकाट बसावें, हें मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतों.